रोझ बेंगाल तपासणी संच: चार मिनिटांचा निकाल किती धरायचा?

सहा-सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडली, वार अडकली, आणि काही आठवड्यांत त्याच गोठ्यात दुसरीनेही गाभ टाकला, तर पहिला संशय सांसर्गिक गर्भपाताचा घ्यावा. हाच ब्रुसेल्लोसिस. ढोरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांत हा गावपातळीवर सगळ्यांत सहज नजरेआड होणारा. माणसाला येऊन-जाऊन ताप येतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू करत महिने निघून जातात. गोठ्यात गाय गाभडल्याचं डॉक्टरला कुणी सांगतच नाही.

गोठ्यात हा रोग आहे का, हे हुडकायला सगळ्यांत सोपी आणि स्वस्त चाचणी रोझ बेंगालची. ती करण्याचा संच दूध संस्था किंवा खाजगी पशुवैद्यकाने घ्यावा का? घ्यावा. कळप चाळायला तो उत्तम आहे. पण एकट्या गाईचा निवाडा त्याच्या भरवशावर करू नये. आणि विदर्भाच्या उन्हात तो नीट सांभाळता येत नसेल, तर घेऊच नये.

पेटीत गडद गुलाबी अँटिजेनची (रंगवलेल्या ब्रुसेल्ला जंतूंच्या द्रावणाची) छोटी बाटली, पडताळणीसाठी निकाल आधीच ठाऊक असलेलं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल रक्तजल (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी), पांढरी प्लेट किंवा काचपट्टी, प्लॅस्टिकच्या काड्या आणि ड्रॉपर असतो. बाटलीतले ब्रुसेल्ला जंतू मारलेले असतात, त्यामुळे बाटलीपासून धोका नाही. धोका तपासायच्या रक्ताचा आहे, म्हणून हातमोजे हवेतच. द्रावण मुद्दाम आंबट ठेवलेलं असतं, सामू 3.65 च्या जवळपास. रोगी जनावराच्या रक्तजलातली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीराने बनवलेले घटक) या जंतूंना धरून गुठळ्या करतात, आणि आंबटपणामुळे इतर कारणांनी होणाऱ्या खोट्या गुठळ्या बऱ्याच टळतात.

अर्धी चाचणी रक्त काढतानाच ठरते. मानेच्या शिरेतून 5 मिली रक्त, लाल झाकणाच्या साध्या नळीत. रक्त गोठू न देणारं औषध असलेली जांभळ्या झाकणाची नळी इथे चालत नाही. नळी तिरपी करून सावलीत तास-दोन तास हलवू नये. काढलं की लगेच बर्फात घातलं, किंवा डिक्कीत टाकून खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्याने गाडी हाणली, की तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तजल लाल होतं. गुलाबी अँटिजेनमध्ये लाल रक्तजल मिसळल्यावर काय दिसणार? चांगलं रक्तजल गव्हाच्या काडासारखं फिकट पिवळं असतं. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून रक्तजल वेगळं करणारं यंत्र) नसेल तर गुठळी बसल्यावर नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओढून घ्यावं. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक पेन्सिलने लिहावा. बॉलपेनची शाई बर्फपेटीत ओली होऊन पुसली जाते, आणि मग पॉझिटिव्ह कोणती हे सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. अँटिजेन आणि रक्तजल दोन्ही अर्धा तास आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणावं. बाटली हळूच हलवावी, कारण जंतू तळाशी बसलेले असतात. न हलवता घेतलेला थेंब पातळ येतो आणि पॉझिटिव्ह जनावर सुटतं. प्लेटवर 30 मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा हजारावा भाग) रक्तजल, शेजारी तेवढंच अँटिजेन. स्वच्छ काडीने दोन्ही मिसळून साधारण दोन सेंटिमीटरचं वर्तुळ करावं आणि घड्याळ लावून चार मिनिटं प्लेट हलकेच डुलवावी. लगेच चांगल्या उजेडात पाहावं. बारीक दाणे, कडेला लाल किनार, थेंबात तुटक गुठळ्या, यातलं काहीही दिसलं तर पॉझिटिव्ह. एकसारखा गुलाबी राहिला तर निगेटिव्ह. प्रत्येक बैठकीत दोन्ही कंट्रोल लावायचेच. दुकानदार 'लागत नाही' म्हणतो तेव्हा ऐकू नये, कारण अँटिजेन खराब झालं आहे हे कळायला गावात दुसरा मार्ग नाही.

चार मिनिटं म्हणजे चारच. पाचव्या-सहाव्या मिनिटाला थेंबाची कड वाळू लागते आणि वाळलेली कड हुबेहूब गुठळीसारखी दिसते. चाचणी 22 अंशांच्या आसपास करायची असते. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला पारा 45 वर असताना टिनाच्या छपराखाली, वर पंखा सुरू ठेवून ही चाचणी केली, तर चार मिनिटांच्या आतच कड वाळते. उन्हाळ्यात ती पहाटे करावी किंवा कूलरच्या खोलीत, हवा थेट प्लेटवर न येऊ देता. एका वेळी चार-पाच थेंबच लावावेत. वीस थेंब एकदम लावले, तर शेवटचा मिसळेपर्यंत पहिल्याची वेळ निघून गेलेली असते.

संचातला सगळ्यांत कच्चा भाग म्हणजे ड्रॉपर. उभा धरला तर एक थेंब, आडवा धरला तर दुसराच. 30 मायक्रोलिटरच्या हिशेबाने 5 मिलीच्या बाटलीत 166 थेंब निघतात. ड्रॉपरचा थेंब 50 चा पडला तर जेमतेम 100. एकदाच पैसे घालून मायक्रोपिपेट (दरवेळी नेमक्या मापाचा थेंब देणारं साधन) घ्यावा.

बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकली तर गोठते, आणि एकदा गोठलेलं अँटिजेन आपोआप दाणे धरतं. लस वाहायच्या डब्यात नेतानाही गोठलेल्या आइसपॅकला बाटली थेट चिकटू देऊ नये, मध्ये पुठ्ठा ठेवावा. भारनियमनाच्या गावात बाटलीचा मुक्काम तालुक्याच्या दवाखान्यातच बरा. उन्हाळ्यात पार्सल आलं तर दारातच उघडावं. आइसपॅक वितळून पाणी झालं असेल आणि बाटली कोमट लागत असेल, तर ते परत करावं.

चूक दोन्ही बाजूंनी होते. लसवलेली कालवड पॉझिटिव्ह येऊ शकते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदा दिली जाते. त्या 18 महिन्यांच्या आत असताना ही चाचणी लावू नये. येर्सिनिया नावाच्या एका वेगळ्या जंतूमुळेही खोटी गुठळी दिसते. उलट नुकतीच गाभडलेली गाय निगेटिव्ह येऊ शकते, कारण तिच्या रक्तात अजून प्रतिपिंडं तयार झालेली नसतात. तिची तीन आठवड्यांनी पुन्हा करावी. ज्या गाईवरून संशय सुरू झाला तिचाच पहिला निकाल 'नाही' येतो, घरचे निर्धास्त होतात आणि पोरं पुन्हा धारोष्ण दूध पिऊ लागतात.

बेरारी शेळ्यांचा कळप तपासायचा असेल तर प्रमाण बदलतं: 75 मायक्रोलिटर रक्तजल आणि 25 अँटिजेन. गाईचं प्रमाण शेळीला लावलं तर रोगी शेळ्या सुटतात. पेटीतल्या कागदावर हे छापलेलं आहे का, घेताना पाहावं.

दूध संकलन केंद्राला यापेक्षा मिल्क रिंग चाचणी सोयीची. त्यासाठी निळ्या अँटिजेनची वेगळी बाटली येते. 1 मिली निरशा दुधात त्याचा 30 ते 50 मायक्रोलिटरचा थेंब मिसळून 37 अंशांवर तासभर ठेवायचं. साईचं कडं निळं झालं आणि खालचं दूध पांढरं राहिलं तर संशय पक्का. दूध तापवलेलं, गोठवलेलं किंवा फार घुसळलेलं चालत नाही. चीक किंवा कासदाह झालेल्या गाईचं दूध खोटं कडं दाखवतं. कॅनमधल्या एकत्र दुधावर ही चाचणी लावून आधी गोठा हेरावा आणि मग त्या गोठ्यातलं एकेक जनावर रोझ बेंगालने तपासावं. एवढ्या कामासाठी संच पैसे वसूल करतो.

पॉझिटिव्ह आली की पुढे काय? रक्तजल पुन्हा एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी पाठवायचं. ही वाट पशुधन विकास अधिकाऱ्यामार्फत जाते. पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात अशी तपासणी होते. तिथेही पॉझिटिव्ह आली तर गाईला औषध देऊन रोग काढता येत नाही, कारण जंतू पेशींच्या आत दडून राहतो. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे बाहेरच्या देशांत करतात तसं जनावर काढूनही टाकता येत नाही. म्हणून तिला वेगळी बांधणं हाच खरा उपाय. तिला आखरावर सोडू नये, व्यायला आली की बाकीच्या गाईंपासून दूर न्यावी आणि गुरांच्या बाजारात अजिबात विकू नये. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला पुष्कळदा नीट वासरू देते. मालकाला वाटतं बरी झाली, पण वारेतून आणि दुधातून जंतू पडतच राहतात.

वारेला उघड्या हाताने शिवू नये. गाभडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावी, कुत्री उकरणार नाहीत अशी. वार काढून देणाऱ्या माणसाला आणि लस टोचताना स्वतःलाच सुई लागलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला हा रोग होतो. या लसीतला जिवंत जंतू माणसालाही बाधतो. अशा कुणाला ताप आला तर दवाखान्यात 'ब्रुसेल्ला बघा' असं स्पष्ट सांगावं. माणसाचा उपचार आहे, पण दोन औषधं मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. दूध एकदा चांगली उकळी येईपर्यंत तापवलं की जंतू मरतो.

बाटली घेताना 5 मिलीचीच घ्यावी, मुदत निदान सहा महिने शिल्लक असलेली. मोठी बाटली थेंबामागे स्वस्त पडते, पण गावात ती रोज फ्रीजमधून आत-बाहेर होत राहते आणि अर्धी संपायच्या आत दाणे धरते. वापरलेल्या प्लेटा आणि काड्या रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात; काचेची प्लेट नंतर साबणाचा अंश राहणार नाही अशी धुऊन पूर्ण सुकवावी.