‘मेडिएशन ओन्ली’: कॅलिफोर्नियातली फुकट सेवा, पण तयारी तुमची

मुलाला आठवड्याला स्पीच थेरपी तीस मिनिटं की साठ, यावर आयईपीच्या (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा लेखी आखते त्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या) तीन मीटिंगा झाल्या आणि गाडी तिथेच अडली. बे एरियातल्या मराठी पालकांना इथपर्यंतचा रस्ता पाठ असतो. पुढे बहुतेकांना दोनच वाटा दिसतात: गप्प बसायचं किंवा वकील गाठायचा. मधली वाट म्हणजे ऑफिस ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह हिअरिंग्ज या राज्याच्या कार्यालयाची ‘मेडिएशन ओन्ली’, म्हणजे सुनावणीचा दावा न लावता नुसती मध्यस्थी. आमच्या मते पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा केवळ पैसे लागत नाहीत म्हणून.

अर्ज साधा आहे. मुलाची माहिती, वाद कशावर आणि तुम्हाला काय हवं, एवढं लिहून कार्यालयाकडे पाठवायचं, एक प्रत डिस्ट्रिक्टला, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला द्यायची. कायद्यानुसार बैठक 15 दिवसांत ठरवायची असते आणि 30 दिवसांत आटोपायची असते. दोन्ही बाजू राजी असतील तर मुदत वाढते. दुभाषा हवा असेल तर अर्जातच लिहा. घरात इंग्रजी येणारं कुणीतरी आहे म्हणून तो भार नवऱ्यावर किंवा मोठ्या मुलीवर टाकू नका. भांडण आणि भाषांतर एकाच माणसाला एका वेळी जमत नाही.

या सेवेची खासियत म्हणजे बैठकीत वकिलांना बंदी आहे, तुमच्याही आणि त्यांच्याही. आधी किंवा नंतर सल्ला घ्यायला हरकत नाही. वकील नसलेला जाणकार सोबत नेता येतो. त्यामुळे हवा तापत नाही, हे खरं. पण डिस्ट्रिक्टकडून येणारी व्यक्ती वर्षानुवर्षं हेच काम करत असते आणि तुम्ही पहिल्यांदा बसलेले असता, हेही तितकंच खरं. मध्यस्थ न्यायाधीश नसतो. तो निकाल देत नाही, कोण चुकलं ते सांगत नाही. तुमचं म्हणणं कागदावर उभं नसेल तर तो ते उभं करून देणार नाही.

म्हणून कागद आधी. शाळेकडची सगळी नोंद मागा. मागणीनंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ती द्यावीच लागते. त्यात थेरपिस्टच्या सेवेच्या नोंदी बघा आणि सरळ हिशोब मांडा. आठवड्यातून दोनदा तीस मिनिटं, 36 आठवडे, म्हणजे वर्षाचे 36 तास. दहा आठवडे थेरपिस्ट नसेल तर दहा तास बाकी. ‘मुलाकडे लक्ष नाही’ या वाक्याला टेबलावर किंमत नाही, ‘दहा तास बाकी’ला आहे. आयईपीची मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर 24 तास आधी कळवा. मध्यस्थी मात्र गोपनीय असते, तिथलं बोलणं पुढे सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येत नाही.

वादाचा आणखी एक मुद्दा: मूल्यमापन, म्हणजे शाळेने घेतलेली मुलाची चाचणी. चाचणी मुलाच्या भाषेचा विचार करून घ्यावी, असं फेडरल कायदा सांगतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची फक्त इंग्रजीत चाचणी घेऊन निष्कर्ष काढले असतील तर तोच मुद्दा धरा आणि असहमती लेखी कळवून शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागा. मग शाळेला दोनच पर्याय उरतात: ते द्यायचं किंवा आपलं मूल्यमापन योग्य होतं हे स्वतः सुनावणीत सिद्ध करायचं. (‘घरी मराठी बंद करा’ हा सल्ला अजूनही मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा भाषेचा विकार होत नाही.)

फसगत होते ती करारात. तो दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो, कोर्टातून अंमलात आणता येतो, आणि म्हणूनच घाईत सही नको. ‘गरजेनुसार मदत’ असं लिहिलं असेल तर ते काहीच नाही. किती मिनिटं, कोण देणार, वैयक्तिक की गटात, कोणत्या तारखेपासून, चुकलं तर भरपाई कशी, हे हवं. ‘आजपर्यंतचे सर्व दावे सोडले’ असं कलम जवळजवळ ठरलेलं असतं. दहा तासांच्या बदल्यात दोन वर्षांचे हक्क सोडताय का, ते तपासा. समोरच्या माणसाला सहीचा अधिकार आहे का, की नंतर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मंजुरी लागेल, हे सुरुवातीलाच विचारा.

कुणाला उपयोग नाही? आयईपीत लिहिलेली सेवाच मिळत नसेल, तर एका वर्षाच्या आत राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करा. ती 60 दिवसांत निकाली काढायची असते आणि तिथे समोरच्याची राजीखुशी लागत नाही. मध्यस्थीला डिस्ट्रिक्ट सरळ नाही म्हणू शकतं. सुनावणीसाठी दोन वर्षांची मुदत असते, मध्यस्थी चालू आहे म्हणून ती थांबली असं धरून चालू नका. आणि वाद चालू असताना अख्ख्या आयईपीवरची सही अडवून ठेवायचं कारण नाही. पटलेल्या भागाला लेखी संमती द्या, तेवढं लगेच सुरू करावं लागतं. तीस मिनिटं तरी सोमवारपासून मिळू देत, उरलेल्या तीसचं बैठकीत बघू.