लिफ्टिंग स्ट्रॅप : पाय दमायच्या आत ज्यांचे हात सुटतात त्यांच्यासाठी

लक्ष्मी रोडला लागून असलेल्या गल्लीत खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथून घेतले. कॉटनचे, एका टोकाला फास असलेले साधे स्ट्रॅप, म्हणजे वजनाच्या दांड्याला मनगट बांधायचे पट्टे, जोडी तीनशे वीस रुपयांना. ब्रँडबिंड काही नाही. पावसाळाभर वापरून मग लिहितेय.

आधी माझं सांगते, म्हणजे तुम्हाला हे लागू पडतं का ते कळेल. वय पन्नाशीपुढचं, हात लहान, मानेचं दुखणं जुनं. त्यामुळे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट्स (उठाबशा) बंद. पायांचा सगळा व्यायाम डंबेल हातात धरून. तळजाईची टेकडी नेहमीची असल्याने मांड्यांत दम आहे. पण दोन्ही हातांत साडेबारा-साडेबारा किलो घेऊन लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवत चालणं) सुरू केले की थोड्याच पावलांत करंगळी उघडायला लागायची, मग तिच्या शेजारचं बोट, आणि डंबेल बोटांच्या पेरांवर लोंबकळायचं. पायांना अजून काही झालेलंच नसायचं आणि सेट संपायचा. मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात दांडगे. कोपराखालचे त्यांच्यापुढे किरकोळ. हाताला झेपेल तेवढ्या वजनाने पायाला घामही येत नाही.

ग्लोव्ज हा यावरचा उपाय नव्हे. आतल्या पॅडिंगमुळे दांडा आणखी जाड होतो आणि जाड दांडा धरायला जास्तच जोर लागतो. घट्टे पडत नाहीत, इतकंच. हाताला चॉकची पावडर लावली की घामाचा प्रश्न सुटतो, पण आमच्या जिममध्ये पावडर सांडलेली चालत नाही.

स्ट्रॅप मनगटात घालायचा, मोकळं टोक अंगठा आणि तर्जनीच्या मधून बाहेर काढायचं, दांड्याच्या खालून बोटांच्या उलट दिशेने एक-दोन वेढे द्यायचे आणि मूठ आपल्याकडे पिळून घट्ट करायची. मग वजन मनगटावर येतं, बोटांनी नुसतं धरून ठेवायचं. पहिला हात झटकन होतो. खरी गंमत दुसऱ्या हाताची, कारण पहिला आधीच डंबेलला जखडलेला! डंबेल बाकावर शेजारी-शेजारी ठेवून दुसऱ्या हाताचा वेढा आधी सैल घालून ठेवायचा, ही युक्ती मला जमली. तरी संध्याकाळच्या गर्दीत बाक अडवून हा कार्यक्रम करायचा म्हणजे मागे उभ्या असलेल्यांचे उसासे ऐकायची तयारी हवी.

दुकानदार इंग्रजी आठच्या आकड्यासारखे शिवलेले स्ट्रॅप गळ्यात मारत होता. "ताई, हे सुटतच नाहीत!" तेच तर नको आहे. जड डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उभं राहत उचलायला) ते ठीक. बार जमिनीपासून फार लांब नसतो. लंजेसमध्ये तोल गेला तर हात तत्काळ मोकळा व्हायला हवा. माझ्या साध्या स्ट्रॅपमध्ये मूठ उघडली की वेढा ढिला होतो आणि डंबेल खाली. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटला, एक पाय मागे बाकावर असताना, याचं मोल कळतं.

आमचा ट्रेनर नाराज. "काकू, स्ट्रॅप लावले तर ग्रिप कधी वाढणार?" मी म्हटलं, "अरे, आज पायांचा दिवस आहे ना?" पण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालतही नाहीत. म्हणून सुरुवातीचे हलके सेट रिकाम्या हातांनी, शेवटचे जड स्ट्रॅप लावून, आणि घरी निघताना बारला जमेल तेवढं लटकणं, असा तह झालाय. लंजेस आता मांड्या थरथरल्यावरच थांबतात.

तक्रारी दोन. पहिल्या धुण्यात काळा रंग सुटला, माझ्या फिक्या ओढणीची वाट लागली. आणि मनगटापाशी पॅड नाही, त्यामुळे जड सेटनंतर तांबडा वळ उठतो. आत जुन्या मोज्याची पट्टी घालते. चाळीसेक रुपये जास्त गेले तरी पॅडवाले बघा. नायलॉनचे घेऊ नका, घामाने सरकतात. पाचपैकी चार.