फ्लॅटबेड का मोबाईल?

भाऊ, वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करायला फ्लॅटबेड (काचेवर पान पालथं ठेवायचा सपाट स्कॅनर) घ्यावा का मोबाईलवरच भागवावं, हे विचारलं म्हणून सांगतो. फ्लॅटबेडवर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचामागं ३०० ठिपके) अक्षर एकदम कोरीव येते, पण पुस्तक पालथं दाबावं लागते अन् जुनी बांधणी उकलते, पान हातात येते, लय जीवावर येते ते, वरून लाईन गेली का काम ठप्प. मोबाईल स्टँडवर लावला तं पुस्तक अर्धं उघडूनही जमते, फक्त शिवणीजवळच्या ओळी वाकड्या येतात. स्कॅनच्या चित्रातून मजकूर काढाले टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट हाय, नेटबिगर मराठी वाचते. रफार मात्र तपासाच, 'धर्म'चा 'धम' होते. सुटी पानं असतील तं फ्लॅटबेड, खिळखिळं पुस्तक असेल तं मोबाईलच.