पोलकिट, सिस्टिमडी आणि आंब्याचं पॅकिंग: सीझनभराच्या वापरानंतरचा अनुभव

देवगडजवळ आमचं आंबा-काजूचं पॅकिंग आहे. मार्च ते मे हापूस, पाऊस लागला की काजूगर आणि आगळ. काउंटरमागे डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर तीन सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, कायम चालू असतात. एक इलेक्ट्रॉनिक काट्याकडून वजन वाचते, दुसरी पेटीचं लेबल छापते, तिसरी हिशेब ठेवते. काउंटरवर पाळीपाळीने चौघं बसतात, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. अडकलेली सर्व्हिस यांना स्वतः रीस्टार्ट करता यावी, पण मशीनमध्ये बाकी कशालाही हात लागू नये, एवढीच माझी गरज होती. कुणाला काय करू द्यायचं हे लिनक्सवर पोलकिट नावाचा प्रोग्राम ठरवतो. सीझनच्या आधी त्याचा रूल लावला, तो दिवाळी आली तरी तसाच चालतो आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, कारण मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही.

अडचण कशी येते ते आधी सांगतो. संध्याकाळी वाशीची गाडी दारात उभी, पेट्यांची थप्पी लागलेली, आणि लाइट जाऊन येते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, काटा आणि त्याचं यूएसबी हब नाही. हब बंद होऊन पुन्हा सुरू झालं की वजन वाचणारा प्रोग्राम जुनंच कनेक्शन धरून बसतो. तो मरत नाही, त्यामुळे युनिट फाइलमधल्या (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर'चा काही उपयोग होत नाही. काउंटरवरून हाक येते, "दादा, काटो वजन दाखवणा नाय!" उपाय एका ओळीचा: 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट काटा'. पण साध्या यूजरने ही कमांड दिली की पासवर्ड मागितला जातो, आणि डेस्कटॉपवरच्या बटणामागे लपवलेल्या स्क्रिप्टमधून दिली की थेट 'इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' असा नकार येतो.

हा एरर वाचून घाबरायचं कारण नाही. सिस्टिमसीटीएल स्वतः काहीच सुरू किंवा बंद करत नाही. ते डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची वाट) सिस्टिमडीला, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या, मशीनच्या पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला विनंती करतं. सिस्टिमडी पोलकिटला विचारतं, या माणसाला हे करू द्यायचं का? पोलकिटचं ठरलेलं उत्तर असतं, आधी अॅडमिनचा पासवर्ड घ्या. टर्मिनलवर पासवर्ड विचारायला जागा असते, स्क्रिप्टमागे नसते, म्हणून तिथे तो नकार. 'स्टेटस' मात्र कुणालाही बघता येतं, कारण त्यात नुसतं वाचणं आहे. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बहुतेक जण इथे सगळ्यांना सुडो ग्रुपमध्ये टाकून मोकळे होतात, म्हणजे रूटचे (मशीनच्या मुख्य अॅडमिनचे) सगळे अधिकार देऊन टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. गोदामाचं एक कुलूप उघडायला माणसाच्या हाती घराच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा देण्यासारखं आहे ते. सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये, 'नोपासवर्ड' लावून एकच कमांड मोकळी करता येते, पण तीही जपून करायला हवी. सिस्टिमसीटीएलपुढे तारा (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकला की 'एडिट'सुद्धा मोकळं होतं, आणि एडिट मिळालं म्हणजे रूटच मिळालं. निरुपद्रवी वाटणारं 'स्टेटस'सुद्धा सुडोतून दिलं तर ते लेस नावाच्या पेजरमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडू शकतं, आणि सिस्टिमडी २४७ च्या आधीच्या आवृत्त्यांत त्या पेजरमधून रूटचं शेल, म्हणजे रूट म्हणून हवी ती कमांड द्यायची जागा, काढता येत होतं. २०२३ मध्ये ही त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत क्रमांकासह नोंदली गेली. आणखी एक बारीक गोष्ट: सुडोअर्स.डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर सुडो ती फाइल वाचतच नाही, आणि तसं सांगतही नाही.

पोलकिटचा रूल जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा आणि फाइल ईटीसीमधल्या पोलकिट-१ च्या रूल्स.डी फोल्डरमध्ये ठेवायची. माझ्या रूलमध्ये चार अटी आहेत. अॅक्शन 'मॅनेज-युनिट्स' असावी, युनिट त्या तीनपैकी एक असावं, क्रियापद 'रीस्टार्ट' असावं, आणि माणूस 'काउंटर' ग्रुपमध्ये असावा. चारही जुळल्या तर 'यस', नाहीतर पोलकिट नेहमीच्या वाटेने पासवर्ड मागतं. क्रियापदाची अट विसरू नका. ती नसेल तर 'स्टॉप'ही मोकळं होतं, आणि ऐन गर्दीत कुणी हिशेबाची सर्व्हिस थांबवून ठेवली तर शोधत बसावं लागतं. फाइल सेव्ह केली की रूल लगेच लागू होतो, काहीही रीस्टार्ट करावं लागत नाही. 'इनेबल' आणि 'डिसेबल' या वेगळ्या अॅक्शनखाली येतात, त्या मी अॅडमिनकडेच ठेवल्या आहेत.

दोन ठिकाणी लोक अडकतात. डेबियन ११ पर्यंत पोलकिटच्या फाइली पीकेएलए या जुन्या, वेगळ्या पद्धतीने लिहायच्या प्रकारच्या होत्या. डेबियन १२ मध्ये त्यासाठीचं वेगळं पॅकेज टाकलेलं नसेल तर त्या वाचल्या जात नाहीत. जुनं मार्गदर्शन वाचून लिहिलेली फाइल नुसती पडून राहते, एररही येत नाही. दुसरं, रूलची फाइल पोलकिटडी या यूजरला वाचता आली पाहिजे. रूटने कडक परवानगीने सेव्ह केली की ती त्याला दिसत नाही. अशा वेळी पोलकिटचा जर्नल (सिस्टिमडी ठेवतं ती नोंदवही) उघडावा, तक्रार तिथे लिहिलेली सापडते.

सर्व्हिस सुरू करायची परवानगी ही एक बाजू झाली. खुद्द सर्व्हिसला लागणारी परवानगी ही दुसरी, आणि माझा जास्त वेळ खरं तर तिथेच गेला. काटा वाचणारी सर्व्हिस रूट म्हणून चालवायची नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून तिला स्वतःचा यूजर दिला. त्याबरोबर सीरियल पोर्ट उघडताना 'परमिशन डिनाइड' आलं. 'एलएस -एल' केलं तर पोर्टचा मालक रूट, ग्रुप डायलआउट, बाकीच्यांना काही नाही. यावर 'सीएचमॉड ६६६ करा', म्हणजे पोर्ट सगळ्यांनाच मोकळा करा, असा सल्ला हमखास मिळतो. आमच्याकडे तो पहिली लाइट जाईपर्यंतच टिकला असता, कारण हब पुन्हा सुरू झालं की यूडेव्ह (जोडलेली उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम) ती डिव्हाइस फाइल नव्याने बनवतं आणि परवानगी मूळपदावर येते. योग्य उपाय युनिट फाइलमध्ये आहे: 'सप्लिमेंटरी-ग्रुप्स=डायलआउट', म्हणजे सर्व्हिसलाच त्या ग्रुपमध्ये घ्यायचं. पोर्टचा क्रमांकही हब परतल्यावर शून्याचा एक होऊ शकतो, म्हणून प्रोग्रामला 'सीरियल/बाय-आयडी'खालचा कायमचा पत्ता द्यावा. आमच्याकडची खारी हवा, हिरवे पडणारे कनेक्टर, सैल होणाऱ्या केबली बघता हे दोन बदल मी सगळ्यांत मोलाचे मानतो.

लेबलच्या सर्व्हिसला '२०३/एक्झेक', म्हणजे प्रोग्राम सुरूच करता आला नाही असा एरर, आलं होतं. हा आकडा दिसला की तीन गोष्टी बघाव्यात: पाथ बरोबर आहे का, फाइलला एक्झिक्यूटची परवानगी आहे का, पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर खरंच तिथे आहे का. फाइल स्वतः ठीक असूनही वरचं एखादं फोल्डर बंद असू शकतं. त्यासाठी 'नेमआय -एल' ही कमांड फार सुंदर आहे. रूटपासून शेवटच्या फाइलपर्यंत प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने दाखवते. आमचा प्रोग्राम एकाच्या होम फोल्डरमध्ये होता आणि ते फोल्डर बाकीच्यांना बंद होतं. प्रोग्राम ऑप्टमध्ये हलवला, डेटासाठी 'स्टेट-डिरेक्टरी' लिहिली, आणि व्हारमधलं फोल्डर योग्य मालकासह सिस्टिमडीने आपणहून बनवलं.

लॉग वाचण्यासाठी चौघांपैकी एकीला सिस्टिमडी-जर्नल ग्रुपमध्ये घेतलं आहे, ती हिशेबाची ताई. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावंच लागतं. आता काही अडलं तर ती मला शेवटच्या ओळी वाचून दाखवते आणि मालवणात असलो तरी फोनवर काम होतं.

यूजर सर्व्हिस, म्हणजे एकाच लॉगिनच्या नावाने चालणारी सर्व्हिस, हा पर्यायही आहे, त्यात पासवर्डचा प्रश्नच येत नाही. पण 'लिंगर' (लॉगआउटनंतरही सर्व्हिस चालू ठेवायची सेटिंग) चालू नसेल तर शेवटच्या लॉगआउटबरोबर ती बंद होते, आणि सुडोने दुसऱ्याच्या नावाने चालवायला गेलं तर बस सापडत नाही म्हणून एरर येतो. सामायिक मशीनला ती सोयीची नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर जरूर वापरा.

तक्रार एकच, पण मोठी: पोलकिट नकार देताना कोणता रूल कमी पडला ते सांगत नाही. रूलमध्ये तात्पुरता 'पोलकिट.लॉग' लिहून अॅक्शन आणि युनिटचं नाव जर्नलमध्ये छापून घ्यावं, मग पाच मिनिटांत उलगडा होतो. जिथे मशीन एकच माणूस सांभाळतो तिथे पोलकिटची गरज नाही, सुडोअर्समध्ये पूर्ण पाथसह लिहिलेली एक नेमकी कमांड पुरते. होमस्टे, काजू फॅक्टरी, बर्फाचा कारखाना, जिथे एकाच कॉम्प्युटरवर तीन-चार हात फिरतात, तिथे मात्र सीझन लागायच्या आत हा रूल लावून घ्या आणि प्रत्येकाच्या लॉगिनमधून एकदा रीस्टार्ट करून बघा.