दादरहून इनामगावची एक दिवसाची सहल, आईला घेऊन गेले होते

पहिलंच सांगते, उभी भिंत किंवा देऊळ बघायचं असेल तर जाऊ नका. इनामगाव म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची जागा, आता घोड नदीकाठी टेकाड, बाजूला शेतं, बस्स. पहाटे पाचला दादरहून बस, पुण्याच्याही पुढे 80-90 किमी, परत यायला रात्रीचे अकरा. माणशी 1400, त्यात नाश्ता आणि जेवण. पिठलं-भाकरी फार छान होती पण बायकांच्या टॉयलेटची सोय अगदीच वाईट, वयस्कर माणसांना त्रास होतो, आयोजकांनी याकडे बघायलाच हवं.

आता मुख्य गोष्ट, माहिती सांगायला सोबत असलेल्या मॅडम. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे 1968 ते 1983 खोदकाम केलं, 130 च्या वर घरं सापडली, हे त्यांनी बसमध्येच सांगितलं होतं, पण गावातल्या मोकळ्या जागेत त्यांनी फक्कीने एका घराचा आकार आखला आणि आम्हाला आत उभं केलं तेव्हा ते खरं कळलं. कुडाची भिंत इथे, चूल इथे. आई म्हणाली अगं आपली परळची खोली एवढीच होती. सुरुवातीच्या जोर्वे काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. 1400 ते 1000, अशी चौकोनी घरं, नंतर इ.स.पू. 1000 नंतर लहान गोल झोपड्या, म्हणजे दिवस वाईट आले होते.

मग मॅडम त्या आखलेल्या जमिनीकडे बोट करून म्हणाल्या, बाळ गेलं की इथेच, घरातच पुरायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत बाळ, शेजारी छोटी भांडी. मोठ्यांना उताणं, डोकं उत्तरेला, आणि पाय घोट्याखाली तोडलेले, मेलेला माणूस उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून असावं असं अभ्यासक म्हणतात. फक्त पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, त्याचे पाय शाबूत होते. शेजारीच धान्याचं कोठार, म्हणून तो गावचा प्रमुख असावा म्हणतात.

आई बराच वेळ त्या फक्कीच्या रेषेच्या आतच उभी होती. माझ्या आधीचा भाऊ सव्वा महिन्याचा असताना गेला. बसमध्ये बसल्यावर हळूच म्हणाली, आपल्यातही तान्ह्याला अग्नी देत नाहीत गं, पुरतात, पण लांब नेऊन, मला तर जागाही दाखवली नव्हती कोणी.

टोपी, पाणी न्या, सावली अजिबात नाही. मॅडम असतील त्याच तारखेचं बुकिंग करा, फोनवर आधी विचारून घ्या.