जर्मनीत शिकायला जाताना: श्टुडीरेंडनवेर्कच्या वसतिगृहाचं परीक्षण

मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेली मुलं विद्यापीठाचं रँकिंग, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं, दरमहा ठरावीक रक्कम देणारं खातं) आणि व्हिसा यांत इतकी अडकलेली असतात की राहायचं कुठे हे तिकीट काढल्यावर आठवतं. तोवर स्वस्त खोल्यांची रांग लांब गेलेली असते. या खोल्या विद्यापीठ देत नाही. मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळ आणि वसतिगृहं चालवणारी श्टुडीरेंडनवेर्क ही वेगळी सार्वजनिक संस्था आहे, म्हणून प्रवेश मिळाला तरी खोलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. बऱ्याच शहरांत प्रवेशपत्र हातात येण्याआधीच तो घेतात. पत्र करार करताना दाखवायचं. काही ठिकाणी ठरावीक मुदतीत ‘मी अजून रांगेत आहे’ असं ऑनलाइन कळवावं लागतं, विसरलात की नाव उडतं. म्युनिकसारख्या शहरात ही रांग काही सत्रं चालते.

भाडं शहराप्रमाणे साधारण 250 ते 400 युरो, आणि त्यात बहुतेक ठिकाणी वीज, पाणी, हीटिंग, इंटरनेट आलं. ब्लॉक्ड खात्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. विम्याचे दीडशेच्या आसपास वजा केले की खाजगी खोलीच्या मानाने भाड्यातला फरक केवढा मोठा ते कळतं. खोलीत पलंग, गादी, टेबल, कपाट असतं. उशी-पांघरूण सहसा नसतं, पहिल्या रात्रीपुरती एक चादर सामानात असू द्या. किल्ली हाउसमायस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडून घ्यायची आणि त्याचं ऑफिस कामाच्या दिवशी, बहुधा सकाळीच उघडं असतं. शुक्रवारी रात्री उतरणारं विमान स्वस्त दिसलं तरी सोमवारपर्यंत बाहेरच्या मुक्कामाचे पैसे जातात ते जातातच.

किल्ली घेताना खोलीच्या स्थितीचा कागद भरून घेतात. भिंतीवरचा डाग, टेबलावरचा चरा, सिंकचा तडा सगळं लिहा, फोटो काढा. निघताना अनामत रकमेतून कापाकापी होते ती याच कागदाकडे बघून. तुम्ही इथे राहता असा घरमालकाचा, म्हणजे इथे संस्थेचा, दाखला त्याच दिवशी मागून घ्या. तो नसेल तर शहर कार्यालयात आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि ती राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. खाजगी खोल्यांच्या जाहिरातींत अनेकजण हाच दाखला द्यायला नकार देतात. काही तर न दाखवलेल्या खोलीची अनामत घेऊन गायब होतात. वसतिगृहाचे खरे पैसे वसूल होतात ते इथे.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिना 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका, थकबाकी साचत राहते. एका दाराआड चौघांचा फ्लॅट असेल तर चौघांत मिळून एकच शुल्क. खोलीचं दार सार्वजनिक कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर मात्र प्रत्येकाला वेगळं.

आता स्वयंपाकघर. परदेशात मुलं स्वावलंबी होतात असं आपण म्हणतो, त्याची खरी परीक्षा इथे. शेगडी बहुधा सपाट काचेची असते. गोल बुडाची कढई तिच्यावर डगमगते आणि तापायला युगं लागतात. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. सपाट बुडाचा, तळाला चुंबक चिकटणारा स्टीलचा कुकर न्या, तो दोन्हींवर चालतो. मोहरी-मिरचीची फोडणी द्यायची तर खिडकी उघडी आणि चिमणी सुरू ठेवा, आणि कॉरिडॉरकडचं दार बंद. धूर बाहेर जावा म्हणून नेमकं तेच दार उघडलं जातं आणि कॉरिडॉरमधला सेन्सर वाजतो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि खोट्या अलार्मचं बिल रहिवाशाच्या माथी येऊ शकतं. पुट्सप्लान म्हणजे साफसफाईची पाळी भिंतीवर लावलेली असते. पाळी चुकली की कुणी भांडत नाही, फ्रिजवर चिठ्ठी चिकटते. आपल्या मुलांना ही शांत नाराजी उशिरा कळते.

हिवाळ्यात सगळ्यांत जास्त तक्रारी बुरशीच्या. कपडे खोलीतच वाळवायचे आणि खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवायची, या दोन सवयींनी भिंत गार पडते आणि तिच्यावर ओल धरते. त्याऐवजी हीटरचा कॉक बंद करून दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडा, पाच-दहा मिनिटं पुरे. नंतर कॉक 3 वर, म्हणजे साधारण 20 अंश. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले तर लगेच लेखी कळवा. उशीर झाला तर खोलीत हवा खेळती ठेवली नाही म्हणून दोष तुमच्यावरच टाकला जातो.

पाचपैकी चार. एक तारा रांगेसाठी कापला. जोडप्यांना, किंवा रात्री बारानंतरही शांतता मिळाली नाही तर झोप न येणाऱ्यांना ही जागा मानवणार नाही. एखाद्या मजल्यावर पार्ट्या चालतातच. रांगेत असताना पहिली सोय म्हणून इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याची खोली दोन-तीन महिन्यांपुरती घेता येते, पण संस्थेची लेखी परवानगी आहे ना ते बघूनच पैसे भरा. आणि खोली सोडायची नोटीस बहुतेक करारांत सत्राच्या अखेरीला, 31 मार्च किंवा 30 सप्टेंबरला धरूनच लागू होते. मध्येच नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेलात तरी तोवरचं भाडं सुटत नाही.