मांजराच्या पिल्लासाठी घडीचा पिंजरा: 36 इंची घ्या, पण आधी जाळी बांधा

घरात मोठं मांजर आहे आणि पिल्लू आणायचंय म्हटलं, की दुकानात समोर येतो तो काळ्या तारांचा, घडी होणारा कुत्र्याचा पिंजरा. वस्तू कामाची आहे, पण दोघांची नजरानजर करून देण्यापुरतीच. पहिले 10 ते 14 दिवस पिल्लाला दार लागणारी वेगळी खोलीच हवी. पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), सर्दी, पिसवा असं जे काही त्याने सोबत आणलं असेल, ते बहुतेक याच दिवसांत दिसतं, आणि तारांनी शिंक अडत नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या लहान फ्लॅटमध्ये बाथरूमवरही भागतं. मोठ्या मांजराची लस राहिली असेल तर तीही या काळात उरकून घ्या.

24 इंची पिंजरा घेऊ नका. रेतीचा ट्रे आणि अंथरूण ठेवलं की पिल्लाला सरकायला जागा उरत नाही, आणि शी-शूच्या शेजारी ठेवलेलं खाणं मांजर टाळतं. 36 इंचीत एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला वाट्या आणि मध्ये लपायला आडवं खोकं नीट बसतं.

खरी खोट तारांमधल्या अंतरात आहे. पिंजरा कुत्र्याच्या मापाचा. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम पाऊण-एक किलोचं. डोकं शिरलं की मागून अंगही जातं. डोकं नाही शिरलं तरी बाहेरच्या मांजराचा पंजा नख्यांसकट आत पोचतो आणि डोळा जायची भीती असते. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून (गणपती पेठेत हिंडलात तर मिळेल) अर्धा इंची वेल्डेड जाळीची दीड फूट उंच, दहा फूट लांब पट्टी आणा आणि बाहेरून झिप टायने बांधा. दाराचा तुकडा वेगळा कापून दारालाच बांधायचा, नाहीतर दार उघडत नाही. कापलेल्या तारांची टोकं पक्कडीने बाहेर वळवा.

दुसरी खोट आकड्यांची, म्हणजे हुकांची. बाजूच्या जाळ्या नुसत्या आकड्यांवर उभ्या असतात. एखादा आकडा अर्धवट बसला आणि चार-पाच किलोचा बोका वर उडी मारून बसला, तर ती बाजू आत कोसळते. चारही वरच्या कोपऱ्यांत झिप टाय लावाच. पिंजऱ्याच्या तळाचा ट्रे खडखडतो आणि त्या आवाजाला दोघंही दचकतात. पिंजऱ्याखाली सतरंजीची घडी घाला.

वापरताना तीन बाजू चादरीने झाका. पिल्लू आत, जुनं मांजर मोकळं, उलट कधीच नाही. खोलीच्या दिवसांत अंथरुणांची अदलाबदल करून वास ओळखीचा झालेला असावा. पहिल्या दिवशी मोठ्याची वाटी पिंजऱ्यापासून सहा फुटांवर ठेवा, त्याच वेळी पिल्लालाही खायला द्या. निवांत खाल्लं तर पुढच्या जेवणाला वाटी अर्धा फूट पुढे. फिस्कारणं चालतं, ते आपोआप कमी होतं. पण खाणं सोडून टक लावून बसणं, कान मागे चपटे आणि शेपटीचे फटकारे दिसले की मध्ये पुठ्ठा धरा आणि वाटी दोन फूट मागे न्या. इथे घाई केली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. फूटभरावर तीन-चार दिवस शांत जेवण झालं, की दहा मिनिटांसाठी दार उघडा, तेही दोघांची पोटं भरलेली असताना. घरात रेतीचे ट्रे तीन हवेत.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात दुपारी पिंजऱ्यावरची चादर काढा. आत कोंडून हवा तापते.

जुना पिंजरा स्वस्तात मिळाला तर आधी विचारा, आत आजारी जनावर होतं का. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू महिनोन् महिने टिकतो. साबणाने धुवून एक भाग ब्लीच आणि 32 भाग पाणी या मिश्रणाने पिंजरा दहा मिनिटं ओला ठेवा, मग धुवून उन्हात वाळवा. फिनाइल नको, पंजे चाटताना ते मांजराच्या पोटात जातं आणि त्याला विषारी असतं.